तेराव्या वर्षी मारलेला शिक्का

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात पहिल्या पानावर एका अल्पवयीन मुलाच्या हातून घडलेल्या हिंसक गुन्ह्याची बातमी प्रसिद्ध झाली. असा गुन्हा घडला तर त्याची बातमी व्हायलाच हवी आणि ज्या कुटुंबावर आघात झाला त्याच्या दुःखाला तीत पहिली जागा मिळायला हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मी हे पत्र लिहिते आहे ते मथळ्यातल्या 'सायको' या शब्दामुळे, मजकुरात दोनदा आलेल्या 'जन्मजात विकृत' या विशेषणामुळे आणि सर्वांत जास्त त्या बातमीशेजारच्या चौकटीमुळे. 'तुमच्या मुलात ही लक्षणे आहेत का?' असे विचारून त्या चौकटीत सात लक्षणे दिली होती आणि खाली, ही लक्षणे असलेले मूल पुढे गुन्हेगार होण्याचा धोका असतो, असे एक वाक्य होते.

मी वीस वर्षांहून अधिक काळ शालेय समुपदेशक म्हणून काम करते आहे. चौकट छापून आल्यावर तिसऱ्या दिवशी एक आई ते कात्रण घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. हाताळून हाताळून कागद मऊ पडला होता. सात लक्षणांपैकी पाचांपुढे तिने पेन्सिलीने खुणा केल्या होत्या, सहाव्यापुढे प्रश्नचिन्ह काढले होते आणि सातवे, 'प्राण्यांना इजा करणे', ठळक रेघेने खोडले होते. "मॅडम, माझा मुलगा तसा निघेल का हो?" एवढेच तिने विचारले. मुलगा अकरा वर्षांचा आहे. खुणा केलेल्या पाच गोष्टी अशा: खोटे बोलणे, नियम मोडणे, धोका पत्करणे, लवकर कंटाळणे आणि चूक कबूल न करणे. या पाचांपैकी एकही गोष्ट ज्याच्यात कधीच दिसली नाही असे अकरा वर्षांचे मूल इतक्या वर्षांत मला भेटल्याचे आठवत नाही.

आधी शब्दांविषयी बोलते, कारण निम्मा गोंधळ तिथेच आहे. आपल्याकडे लिहिताना 'मनोरुग्ण', 'माथेफिरू', 'विकृत' आणि 'सायको' हे चार शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. सायकोसिस म्हणजे चित्तभ्रम. त्यात माणसाचा वास्तवाशी असलेला धागा सुटतो, नसलेले आवाज ऐकू येतात, कुणीतरी आपल्या मागावर आहे असा पक्का समज होतो. सायकोपथी ही पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे. तिच्यात वास्तवाचे भान शाबूत असते, बोलणे सुसंगत असते, बुद्धी चालत असते. कमी पडते ती दुसऱ्याच्या वेदनेशी जोडली जाण्याची क्षमता, अपराधी वाटण्याची क्षमता आणि परिणामांचा विचार करून स्वतःला आवरण्याची क्षमता. या दोन गोष्टींची सरमिसळ झाली की भास होणारा निरुपद्रवी रुग्ण गुन्हेगार ठरतो आणि ज्या मुलाला फार वेगळ्या प्रकारची मदत लागणार असते त्याच्याकडे 'वेडा' म्हणून पाहिले जाते. चुकीच्या शब्दाने दोन्हीकडच्या माणसांचे नुकसान होते.

सायकोपथीचे आजचे वर्णन ज्यावर उभे आहे ते काम अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ हर्वी क्लेक्ली यांनी 1941 मध्ये प्रसिद्ध केले. पुढे कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांनी तुरुंगातील प्रौढांसाठी एक मापनसूची तयार केली. तिच्या सुधारित रूपात 20 मुद्दे आहेत, प्रत्येकाला 0, 1 किंवा 2 गुण, म्हणजे एकूण 40. आणि उत्तर अमेरिकेत साधारणपणे 30 ही मर्यादारेषा धरली जाते. ही सूची घरी बसून भरायची नसते. प्रशिक्षित व्यक्तीने दीर्घ मुलाखत घेऊन, जुनी कागदपत्रे तपासून, दुसऱ्या ठिकाणाहून खातरजमा करून ती भरायची असते. 12 ते 18 या वयोगटासाठीची तिची स्वतंत्र आवृत्ती 2003 मध्ये आली, आणि त्याच्या आदल्याच वर्षी स्वीडनमधल्या आंदेर्शेद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किशोरांनी स्वतः उत्तरे द्यायची 50 विधानांची प्रश्नावली मांडली. आपल्या चौकटीतली सात लक्षणे अशाच कुठल्या तरी सूचीवरून उचललेली असावीत, असा माझा तर्क आहे. पण सूचीभोवतीची सगळी काळजी गळून पडली आणि उरली ती फक्त यादी.

स्वीडिश प्रश्नावलीने किशोरवयातील या गुणविशेषांचे तीन पदर वेगळे केले, आणि माझ्या कामात या विभागणीइतका उपयोग क्वचितच दुसऱ्या कशाचा झाला असेल. पहिला पदर स्वतःला फार मोठे समजण्याचा आणि दुसऱ्याला बोलण्यात गुंडाळण्याचा, दुसरा निष्ठुरपणाचा आणि भावशून्यतेचा, तर तिसरा आवेगाचा आणि बेजबाबदारपणाचा. बाहेरून पाहणाऱ्याला तिन्ही सारखेच दिसतात, कारण तिन्हींचा शेवट तक्रारीत होतो. आत मात्र ते फार वेगळे असतात.

दोन मुलांचे सांगते. ओळख पटेल असे काही लिहीत नाही. एकाने वर्गात खुर्ची भिरकावली होती, ती दुसऱ्याच्या खांद्याला लागली. माझ्या खोलीत आला तेव्हा त्याचा श्वास अजून चढलेला होता, नाक लाल झाले होते, आणि लागलेल्या मुलाला दवाखान्यात नेले का, हे त्याने मी काही विचारण्याआधीच तीनदा विचारले. दुसऱ्या मुलाने एका वर्गमित्राचा चष्मा जमिनीवर ठेवून त्यावर टाच दिली होती. तो माझ्यासमोर शांत बसला होता. "त्याला कसे वाटले असेल?" असे मी विचारले, तेव्हा त्याने क्षणभर खरोखर विचार केला आणि म्हणाला, "ते मला कसे माहीत असणार?" त्याच्या आवाजात उद्धटपणा नव्हता. गणितातला न शिकवलेला प्रकार विचारल्यावर मूल जसे सांगेल तसे त्याने सांगितले. त्या दिवशी शाळेने दोघांना सारखीच शिक्षा दिली. पहिल्या मुलाला ती लागू पडली की नाही, हे मला सांगता येत नाही, कारण तो शिक्षेआधीच पस्तावला होता. दुसऱ्यावर तिचा काडीचाही परिणाम झाला नाही.

हा दुसरा पदर, निष्ठुर-भावशून्य गुणविशेषांचा, अभ्यासकांनी गेल्या तीस वर्षांत सर्वांत जास्त तपासला आहे. अमेरिकेतील पॉल फ्रिक यांचे काम त्यात अग्रभागी आहे. 2013 मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत वर्तनविकाराच्या, म्हणजे मूल सातत्याने नियम आणि इतरांचे हक्क पायदळी तुडवत असल्याच्या, निदानाला एक उपसूचना जोडली. पश्चात्ताप किंवा अपराधी भावना नसणे, दुसऱ्याच्या भावनांविषयी बेपर्वाई, अभ्यासात वा कामात कसे चालले आहे याचे काहीच न वाटणे आणि भावना उथळ असणे, या चारांपैकी किमान दोन गोष्टी किमान 12 महिने, एकापेक्षा जास्त नात्यांत आणि एकापेक्षा जास्त ठिकाणी सातत्याने दिसल्या, तरच ही उपसूचना लावायची. तिला नाव दिले गेले ते 'मर्यादित समाजाभिमुख भावना' असे. अनेकांना हे नाव गुळमुळीत वाटते. मला ते योग्य वाटते, कारण 'मर्यादित' या शब्दात काहीतरी शिल्लक असल्याची कबुली आहे आणि ते वाढवता येईल का, हा प्रश्न उघडा राहतो. शिवाय वर्षभराची अट लक्षात घ्या: एका भांडणावरून, एका खोटेपणावरून किंवा एका रविवारी पेन्सिलीने केलेल्या खुणांवरून हे ठरत नाही.

व्यक्तिमत्त्वाच्या अभ्यासकांनी यात आणखी एक महत्त्वाची भर घातली. डोनाल्ड लायनम यांच्यासारख्या संशोधकांचे म्हणणे असे, की सायकोपथी ही माणसांची वेगळी जात नाही. जे गुण आपल्या प्रत्येकात कमी-अधिक असतात त्यांच्या मोजपट्टीच्या एका टोकाला असलेली ती जुळणी आहे. व्यक्तिमत्त्वाच्या पाच मूलभूत घटकांच्या भाषेत सांगायचे तर मनमिळाऊपणा फार कमी, कर्तव्यदक्षता फार कमी, आणि त्यात आवेग, थरार शोधण्याची वृत्ती, भीतीचा अभाव यांची भर. असे पाहिले की 'आहे की नाही' हा प्रश्नच गैरलागू होतो आणि 'किती, कशात आणि कुठल्या वयापासून' असे विचारावे लागते. आपल्या चौकटीत 'किती' या शब्दाला जागा नव्हती.

आता मूळ मुद्द्याकडे येते: किशोरवयातल्या या गुणांवरून पुढच्या समाजविघातक वर्तनाचे भाकीत करता येते का? करता येते, पण ज्या खात्रीने आपण छापले त्या खात्रीने नाही. पिट्सबर्गमधल्या मुलांच्या दीर्घकालीन पाहणीत लायनम आणि सहकाऱ्यांनी 13 व्या वर्षी मोजलेले गुण आणि त्याच मुलांचे 24 व्या वर्षीचे सायकोपथीचे मापन यांची तुलना केली आणि 2007 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. सहसंबंध 0.31 निघाला (0 म्हणजे काहीच संबंध नाही, 1 म्हणजे पूर्ण मेळ). अकरा वर्षांचे अंतर, मोजण्याची पद्धत वेगळी, माहिती देणारी माणसे वेगळी, हे सगळे धरूनही संबंध टिकला, म्हणून तो गंभीरपणे घ्यायला हवा. पण 0.31 चा वर्ग केला तर साधारण 0.10 येतो, म्हणजे 24 व्या वर्षी माणसा-माणसांत जो फरक दिसतो त्यातला जेमतेम दहावा हिस्सा 13 व्या वर्षीच्या गुणांशी जोडता येतो. बाकीचे नऊ हिस्से घर, शाळा, सोबत, योगायोग, उपचार, वाढत्या मेंदूची परिपक्वता, मोजमापातल्या त्रुटी अशा इतर गोष्टींच्या वाट्याला जातात.

'मुलाचे पाय पाळण्यात दिसतात' ही म्हण आपण सहज वापरतो. या विषयात ती उलट्या बाजूने खरी आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ ली रॉबिन्स यांनी 1966 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीतून आणि त्यांच्या नंतरच्या कामातून जे दिसले ते असे: समाजविघातक वर्तन करणारा प्रौढ पाहिला तर त्याच्या बालपणात तसे वर्तन जवळजवळ हमखास सापडते, पण तसे वर्तन करणारी बहुतेक मुले मोठेपणी तशी होत नाहीत. मागे वळून पाहताना रस्ता सरळ वाटतो. पुढे पाहताना त्याला अनेक फाटे असतात. गुन्हा घडून गेल्यावर बालपणाच्या खुणा शोधणारे बातमीदार नेहमी मागे वळून पाहतात. आई मात्र पुढे पाहत असते.

मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी 1993 मध्ये केलेली मांडणीही इथे उपयोगी पडते. लहानपणापासून सुरू होऊन आयुष्यभर टिकणारे समाजविघातक वर्तन थोड्या मुलांत असते, आणि केवळ किशोरवयापुरते उफाळून नंतर ओसरणारे वर्तन पुष्कळ मुलांत. पंधराव्या वर्षी ही दोन्ही मुले शेजारी उभी केली तर त्या क्षणी त्यांच्यात फरक करणे कठीण जाते. फरक दिसतो तो त्यांच्या पाचव्या आणि सातव्या वर्षांच्या हकिकतीत.

थोडे गणित मांडते. यातले आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेले आहेत. समजा 1000 मुलांपैकी 10 जण पुढे खरोखर गंभीर वर्तनाकडे जाणार आहेत, आणि आपल्याकडे अशी उत्तम चाचणी आहे की ती त्या 10 पैकी 8 जणांना ओळखते आणि उरलेल्या 990 पैकी 90 टक्के मुलांना बरोबर सोडून देते. तरीही 99 मुलांवर विनाकारण बोट ठेवले जाईल. एकूण 107 मुलांना 'धोकादायक' ठरवले जाईल आणि त्यांतली 8 खरी असतील. ही झाली उत्तम चाचणीची गोष्ट. वृत्तपत्रातल्या सात ओळींनी किती आयांची झोप उडाली असेल, याचा अंदाज यावरून करता येईल.

आणखी एक अडचण सहसा कुणी सांगत नाही. यातल्या काही सूचींमध्ये पूर्वी केलेले गैरवर्तन हेच गुण देण्याचे एक कारण असते. मग त्या सूचीवरून पुढच्या गैरवर्तनाचे भाकीत बरोबर आले, तर त्याचे श्रेय व्यक्तिमत्त्वाच्या गुणांना द्यायचे की 'ज्याने आधी केले तो पुन्हा करण्याची शक्यता जास्त' या साध्या अनुभवाला द्यायचे? पुन्हा गुन्हा घडण्याचे भाकीत आवेगाच्या आणि बेशिस्तीच्या पदरावरून जितके होते तितके निष्ठुरपणाच्या पदरावरून होत नाही, असे प्रौढांवरील अनेक अभ्यासांत दिसले आहे. मुलांमध्ये निष्ठुर-भावशून्य गुण महत्त्वाचे ठरतात ते वर्तन किती गंभीर, किती थंडपणे योजलेले आणि किती टिकाऊ असेल याच्या संदर्भात. म्हणून एका बेरजेत सगळे घालून 'सायकोपथ' म्हणणे शास्त्राच्या दृष्टीनेही ढोबळ आहे.

किशोरवयाचे स्वतःचे असे एक वागणेही असते. तेराव्या-चौदाव्या वर्षी मूल स्वतःला जगाच्या मध्यभागी ठेवते, थरार शोधते, आजचा दिवस सोडून पुढचे पाहत नाही, मित्रांसमोर हळवेपणा दाखवायला लाजते आणि कुणी रागावले की चेहरा दगडासारखा करते. सीग्रेव्ह आणि ग्रिसो या अभ्यासकांनी 2002 मध्ये नेमका हाच इशारा दिला होता, की वयाचा भाग असलेले हे वागणे मापनसूचीत सायकोपथीचे गुण म्हणून मोजले जाण्याचा धोका आहे. समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकाराचे निदान 18 वर्षांखालील व्यक्तीला करायचे नाही, हा निदानपुस्तिकेचा नियमही याच सावधगिरीतून आला आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये, 18 वर्षांखाली केलेल्या गुन्ह्यासाठी फाशी देता येणार नाही असा निर्णय देताना, याच नियमाचा आधार घेतला होता. प्रशिक्षित मनोविकारतज्ज्ञांनाच जो शिक्का मारण्याची मुभा नाही, तसा निवाडा ज्युरीने करावा हे न्यायालयाला पटले नाही. वृत्तपत्राच्या मथळ्याला ती मुभा कोणी दिली?

'जन्मजात' या शब्दाविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण त्यात खऱ्याचा अंश आहे आणि म्हणूनच तो जास्त घातक आहे. ब्रिटनमधल्या जुळ्या भावंडांच्या एका मोठ्या पाहणीत एसी व्हायडिंग आणि सहकाऱ्यांनी सात वर्षांच्या मुलांचा अभ्यास केला आणि 2005 मध्ये तो प्रसिद्ध केला. ज्या मुलांच्या समाजविघातक वर्तनासोबत तीव्र निष्ठुर-भावशून्य गुण होते, त्यांच्या वर्तनात आनुवंशिकतेचा वाटा 81 टक्के निघाला. ज्यांच्यात ते गुण नव्हते त्यांच्यात 30 टक्के. एवढेच वाचले तर 'जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही' म्हणून पुस्तक मिटावेसे वाटेल. पण आनुवंशिकतेचा आकडा हा गटातल्या फरकांविषयीचा आकडा असतो. अमुक एका मुलाचे 81 टक्के भविष्य ठरून गेले, असा त्याचा अर्थ होत नाही. आणि 2016 मध्ये आलेला ल्यूक हाइड आणि सहकाऱ्यांचा दत्तक मुलांचा अभ्यास यापुढे ठेवायला हवा. 561 कुटुंबांच्या या पाहणीत जन्मदात्या आईच्या समाजविघातक वर्तनाचा संबंध, तिने न वाढवलेल्या बाळातल्या सुरुवातीच्या भावशून्य लक्षणांशी दिसला. परंतु दत्तक घेणारी आई बाळाच्या चांगल्या वागण्याला भरभरून दाद देत होती, तिथे तो संबंध उरला नाही.

भावशून्य दिसणारी सगळी मुले तशी जन्मालाही आलेली नसतात. मनोविकारतज्ज्ञ बेंजामिन कार्पमन यांनी 1941 मध्येच सायकोपथीत प्राथमिक आणि दुय्यम असा भेद केला होता. प्राथमिक प्रकारात भावनांची घडणच क्षीण असते, तर दुय्यम प्रकारात मूल मारहाण, उपेक्षा किंवा अत्याचार सोसत सोसत बधिर झालेले असते. वरून दोघेही सारखेच थंड. पण दुसऱ्याच्या आत चिंता खदखदत असते, झोप नसते, अचानक झालेल्या आवाजाने तो दचकतो. त्या आईच्या कात्रणावर ज्या सहाव्या लक्षणापुढे प्रश्नचिन्ह होते ते होते 'दुसऱ्याच्या दुःखाचे काही न वाटणे'. आईला ते ठरवता येत नव्हते, आणि तिथे ती आपल्या चौकटीपेक्षा जास्त प्रामाणिक होती. वाटत नाही, वाटते पण दाखवत नाही, की वाटून वाटून आता थांबले आहे, हे वेगळे काढायला माझ्यासारखीला कित्येक भेटी लागतात.

ऑस्ट्रेलियातल्या मार्क डॅड्स आणि सहकाऱ्यांचा 2006 चा एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. निष्ठुर-भावशून्य गुणांच्या मुलांना समोरच्या चेहऱ्यावरची भीती ओळखता येत नाही, हे आधीपासून माहीत होते. या संशोधकांनी मुलांना फक्त एक सूचना दिली: चित्रातल्या माणसाच्या डोळ्यांकडे पाहा. एवढ्याने त्या वेळेपुरती का होईना, त्यांची भीती ओळखण्याची उणीव भरून निघाली. ही मुले भीतीविषयी अंध नव्हती, ती डोळ्यांकडे पाहतच नव्हती. हे वाचल्यापासून चष्म्याच्या प्रसंगातले "ते मला कसे माहीत असणार?" हे उत्तर मला वेगळे ऐकू येऊ लागले.

त्याच गटातले डेव्हिड हॉज आणि डॅड्स यांनी लहान मुलग्यांच्या पालकांना प्रशिक्षण देऊन परिणाम पाहिले. चांगल्या वागण्याला बक्षीस देण्याचा भाग या मुलांवर इतरांइतकाच चालला. गैरवर्तनानंतर काही वेळ एकटे बसवण्याची शिस्त मात्र त्यांच्यावर कमी चालली, कारण तिचे त्यांना फारसे काही वाटलेच नाही. शाळा आणि घर दोन्हीकडे आपली सगळी भिस्त शिक्षेवर असते. ज्या मुलाला शिक्षेची भीतीच कमी वाटते त्याच्यावर आपण शिक्षा वाढवत नेतो, ती चालत नाही म्हणून आणखी वाढवतो आणि शेवटी 'कोळसा उगाळावा तितका काळा' म्हणून हात टेकतो. चष्म्यावर टाच देणाऱ्या त्या मुलाबरोबर मी वेगळे करून पाहिले. एक छोटी वही केली. रोज शाळा सुटताना त्याने कुणाच्या वस्तूला हात न लावता दिवस काढला की तिच्यात नोंद, आणि आठवड्याच्या नोंदींवर त्याला हवी असलेली एक जबाबदारी: क्रीडासाहित्याच्या खोलीची किल्ली. पहिले दोन महिने कोरी पाने जास्त होती. नंतर नोंदी वाढल्या. तो हळवा झाला, असे मी म्हणणार नाही. पण दुसऱ्याच्या वस्तू मोडणे थांबले आणि एकदा त्याने रडणाऱ्या लहान मुलाच्या डोळ्यांकडे पाहून मला येऊन सांगितले, "मॅडम, तो घाबरलाय." माझ्या दृष्टीने ते वर्ष त्या एका वाक्यासाठी कामी आले.

याहून कितीतरी कठीण मुलांबरोबरचे काम अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातील मेंडोटा बाल उपचार केंद्रात 1995 पासून चालू आहे. सुधारगृहांनी ज्यांच्यापुढे हात टेकले, ज्यांचे हिंसक गुन्हे अनेक होते, अशी मुले तिथे पाठवली गेली. तिथली पद्धत साधी वाटते: मुलगा प्रतिकार करतो म्हणून बंधने वाढवत न्यायची आणि बंधने वाढली म्हणून तो आणखी प्रतिकार करतो, हे दुष्टचक्र तोडायचे, रोजच्या वागण्याला लगेच मोबदला द्यायचा आणि तुरुंगापेक्षा उपचार करणाऱ्यांची संख्या जास्त ठेवायची. मायकेल काल्डवेल आणि सहकाऱ्यांनी त्यांचा पाठपुरावा केला. मापनसूचीवर फार वरचे गुण असलेल्या 141 मुलांच्या 2006 च्या अभ्यासात, नेहमीच्या सुधारगृहात राहिलेल्यांनी पुढच्या दोन वर्षांत पुन्हा हिंसक गुन्हा करण्याची शक्यता या केंद्रात उपचार घेतलेल्यांच्या दुपटीहून अधिक होती. दुसऱ्या एका दीर्घ पाठपुराव्यात तुलनेच्या गटातल्या मुलांच्या हातून 16 माणसांचे प्राण गेले. उपचार घेतलेल्या गटाच्या हातून एकाचाही नाही. मुलांची विभागणी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती, त्यामुळे हे आकडे सावधपणे वाचायला हवेत, हे मला मान्य आहे. तरीही 'यांच्यावर काही चालत नाही' हे विधान त्यानंतर कुणी सहज करू नये.

हे सगळे लिहिताना ज्याचा चष्मा फुटला तो मुलगाही माझ्यासमोर आहे. तो कित्येक दिवस पहिल्या बाकावर बसूनही फळ्याकडे न पाहता दाराकडे पाहायचा. ज्याला इजा झाली त्याचे संरक्षण आधी, ही गोष्ट वादाची नाही, आणि हिंसक मुलाला इतरांपासून काही काळ दूर ठेवावे लागते हेही मी स्वतः शाळांना सांगितले आहे. पण पुढच्या मुलाला इजा होऊ नये असे वाटत असेल, तर इजा करणाऱ्याकडे वेळेत आणि योग्य प्रकारे लक्ष देण्यावाचून दुसरा उपाय मला माहीत नाही.

शिक्का काय करतो, तेही मी जवळून पाहिले आहे. त्या वहीवाल्या मुलाच्या दाखल्यासोबतच्या शेऱ्यात, तो तेरा वर्षांचा असताना, कुणीतरी 'मनोविकृत प्रवृत्ती' असे दोन शब्द लिहिले. कुठलीही तपासणी झाली नव्हती, कुणा तज्ज्ञाची सही नव्हती. कुटुंब दुसरीकडे राहायला गेले तेव्हा दोन शाळांनी त्या दोन शब्दांवरून प्रवेश नाकारला. किल्ली गेली, वही गेली, त्याला ओळखणारी माणसे गेली, आणि तो अर्धे वर्ष घरी बसून राहिला. शेरा काढून घ्यावा म्हणून मी तीन पत्रे लिहिली. एकाचेही उत्तर आले नाही. पुढे त्याचे काय झाले, हे मला कळलेले नाही, आणि ते मला आजही सलते.

म्हणून आपल्याला माझ्या काही विनंत्या आहेत. अल्पवयीन मुलाविषयीच्या बातमीत 'सायको', 'विकृत', 'माथेफिरू' हे शब्द पूर्णपणे टाळावेत आणि मुलाने काय केले एवढेच लिहावे. निदानाचा उल्लेख करायचाच असेल, तर ते कुणी आणि कशाच्या आधारे केले हे विचारल्याशिवाय करू नये. लक्षणांची चौकट पुन्हा छापू नये. त्याऐवजी, मूल वर्षभर घरी, शाळेत आणि मित्रांत सारखेच निष्ठुर वागत असेल तर पालकांनी बालमानसोपचारतज्ज्ञाकडे जावे, शिक्षा वाढवत नेऊ नये आणि चांगल्या वागण्याची लगेच दखल घ्यावी, एवढे तीन ओळींत सांगता येईल.

आणि त्या चौकटीविषयी एक दुरुस्ती छापावी. ती पहिल्या पानावर हवी, असा माझा आग्रह नाही. ती आई पुढच्या आठवड्यात पुन्हा येणार आहे, तिचे कात्रण अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे, आणि ते परत देताना त्याला आपल्या दैनिकातलीच दुरुस्ती टाचून देता आली तर माझ्या शब्दांपेक्षा तिला त्याचा जास्त आधार वाटेल.

आपली विश्वासू,
एक शालेय समुपदेशक